शेवटचा हात कुणाचा

तीन आठवड्यांत आमच्या घरी चार राउटर आले आणि त्यांतल्या एकालाही काही झालेलं नव्हतं. हे मी आज छातीठोकपणे सांगते आहे. तेव्हा मीसुद्धा बाकीच्यांसारखी त्या खोक्यांच्या दिव्यांकडे टक लावून बसत होते, त्यामुळे शहाणपण मिरवायचा मला फारसा हक्क नाही.

पहिला राउटर इंटरनेट कंपनीनं जोडणीबरोबरच दिला होता. दुसरा मुलानं आणला, त्याला चार अँटेना होत्या. तिसऱ्याला सहा होत्या आणि तो टेबलावर उताण्या पडलेल्या कोळ्यासारखा दिसायचा. चौथा म्हणजे अंड्यासारखी दोन पांढरी खोकी, एक खाली ठेवायचं आणि एक वर. हे सगळं एकाच दुकानातून. त्या दुकानदाराला मी अँटेनावाला म्हणते, कारण कुठलंही दुखणं घेऊन गेलं तरी त्याच्याकडे औषध एकच, आणखी दोन अँटेना. माझा मुलगा एरवी हुशार आहे, पण त्या दुकानात शिरला की त्याची अक्कल छत्रीबरोबर दाराशीच राहते.

घर कसं आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. खाली एक मोठी खोली आहे. बसणं, जेवण, टीव्ही, लोकांचं येणंजाणं, सगळं तिथेच. इंटरनेटची तार भिंतीतून तिथेच आत येते. मग जाड भिंतींचा जिना, आणि वर गच्चीला लागून एक खोली, ती सुनेची कामाची. खालच्या राउटरचा सिग्नल तिथवर पोचेपर्यंत त्याचा जीव निघालेला असायचा. म्हणून आमच्या ह्यांनी खालपासून वरपर्यंत वायर ओढली. चाळीस पावलांची वायर, जिन्याच्या कडेकडेनं, वीतवीतभर अंतरावर एकेक क्लिप, कुठे झोळ नाही की वाक नाही. दोन्ही टोकांचे प्लगही त्यांनी स्वतःच्या हातानं बसवले.

आमचे हे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. मी त्याच खात्यात ऑपरेटर, एकतीस वर्षं. मी बोर्डावर आणि हे खांबावर, असाच आमचा संसार सुरू झाला. कुठली लाइन मेली की मी ह्यांना चाचणीच्या फोनवरून सांगायची, हे तिकडून तारेचा रंग सांगायचे, मी तो परत म्हणायची. लग्नाआधी आम्ही एकमेकांशी जितके रंग बोललो असू तितके रंगारीही बोलत नसतील.

ह्यांचा जोड म्हणजे जोड, असं खात्यात म्हणायचे. निवृत्त झाल्यावर मात्र माणूस कोमेजला. सहा वर्षं हत्यारांची पिशवी खिळ्याला टांगलेली होती. महिन्यातून एकदा खाली काढायची, पुसायची आणि परत टांगायची. सुनेसाठी वायर ओढायची वेळ आली तेव्हा ही पिशवी पहिल्यांदा कामाला खाली आली. दोन दिवस हे शिडीवर होते आणि तोंडानं शीळ घालत होते. ती शीळ मी किती वर्षांनी ऐकली ते मलाच आठवेना. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जी चूक केली ती त्या शिळेपायी केली.

आता सून. तिच्या आईवडिलांना, म्हणजे आमच्या व्याही-विहीणबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. सुनेला येतं. ती बोलायला लागायच्या आधी हातांनी बोलायला लागली, असं तिची मावशी सांगते. आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात डॉक्टर बोलत होते ते आईला सांगायला दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टरांनी पोरीकडे पाहिलं, थोडं थांबले, आणि म्हणाले, "आईला सांग, ऑपरेशन करावं लागेल आणि खात्री देता येत नाही." पोरीनं सांगितलं. वडील वाचले, पण ते वाक्य आठ वर्षांच्या हातांनी आईला सांगितलं होतं, आणि ते तिच्या हातांतून अजून गेलेलं नाही.

म्हणून तिला हे काम हवं होतं. एक संस्था दवाखान्यांना खुणांच्या भाषेचे दुभाषे पुरवते. न ऐकू येणारा पेशंट आला की डॉक्टर समोर स्क्रीन लावतात, स्क्रीनवर दुभाषी. डॉक्टर बोलतात, ती हातांनी सांगते. पेशंट हातांनी सांगतो, ती डॉक्टरांना बोलून दाखवते. घरून करता येतं, पण अटी कडक. दार बंद होणारी खोली हवी, मागे साधी भिंत हवी, कुणाचं येणंजाणं नको, कारण पेशंटची गोष्ट पेशंटची असते. खालची खोली त्यामुळे बादच. आणि शेवटची अट म्हणजे परीक्षकाबरोबर एक तासाचा व्हिडिओ कॉल, त्यात चित्र एकदाही अडकता कामा नये. संधी तीन. तिसरीला चित्र अडकलं तर नमस्कार.

भाषेच्या परीक्षेत ती पहिली आली होती. अडकत होतं ते आमचं घर.

पहिल्या कॉलला अकराव्या मिनिटाला चित्र थिजलं. सुनेचे हात हवेत तसेच राहिले आणि मग एकदम भलतीकडेच दिसले. मी दाराच्या फटीतून पाहत होते. आपण फोनवर बोलताना एखादा शब्द गिळला गेला तर पुढच्यावरून अंदाज येतो. हातांचं तसं नसतं. गोळी घ्या आणि गोळी घेऊ नका, यांत कधीकधी मानेच्या एका हालचालीचाच फरक असतो, ती हालचाल गेली तर काय होईल, असं सून मला नंतर म्हणाली.

दुसरा कॉल सोमवारी होता. तोवर अंड्यासारखी खोकी आली होती. अँटेनावाल्यानं सांगितलं होतं की दोन्ही खोकी एकमेकांना वायरीनंच जोडा, म्हणजे एकदम पक्कं. वायर तर ह्यांनी टाकलेली तयारच होती. चौथ्या मिनिटाला चित्र अडकलं, मग पुन्हा नवव्या, मग परीक्षक बाईंनी हात जोडून कॉल बंद केला. संध्याकाळी निरोप आला की तिसरा आणि शेवटचा कॉल गुरुवारी सकाळी अकराला.

सून रडली नाही. जिन्यात बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. ही मुलगी बोलताना, स्वयंपाक करताना, टीव्ही बघतानासुद्धा हात हलवत असते. तिचे हात इतके गप्प मी कधी पाहिले नव्हते.

खाली दोन पुरुषांची जुंपलीच होती.

"अजून एक मॉडेल आहे," मुलगा म्हणाला. "आठ अँटेना."

"राउटरचा दोष नाहीये. कंपनीची लाइनच भिकार आहे," हे म्हणाले. "आमच्या वेळी असली लाइन दिली असती तर साहेबांनी उभं केलं असतं."

"बाबा, कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. पेटीपर्यंत सगळं व्यवस्थित आहे म्हणाला."

"तो काय सांगणार? पोरगेलासा होता. माझ्या वायरीकडे असा बघत होता जणू जन्मात सरळ वायर पाहिली नाही."

मी तिथेच होते त्या वेळी. त्या माणसानं वायरीचा प्लग हातात घेतला होता, डोळ्यांजवळ नेला होता आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ह्यांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यानं प्लग परत लावला आणि पाणीही न पिता निघून गेला. हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही मी मूग गिळून बसले होते.

माझं एक आहे. एक्स्चेंजमध्ये मी तक्रारींचं रजिस्टर लिहायची, ती खोड गेलेली नाही. ग्राहक फोनवर कितीही तावातावानं बोलला तरी त्याला पाच प्रश्न विचारायचे आणि पाच रकाने भरायचे. कधी बिघडतं? कुठल्या सेटवर? त्या वेळी आणखी काय चालू होतं? काय केलं की सुधारतं? आणि शेवटचा हात कुणाचा, म्हणजे बिघाडाच्या आधी त्या लाइनीला शेवटचं कुणी शिवलं? आमच्या सुपरवायझर बाई म्हणायच्या की पहिले चार रकाने प्रामाणिकपणे भरले तर पाचवा भरताना हात थरथरतो. पुष्कळदा तिथे आपल्याच खात्यातल्या माणसाचं नाव यायचं.

घरात इंटरनेटचा गोंधळ सुरू झाला त्या दिवसापासून मी एका वहीत हे रजिस्टर ठेवलं होतं. कुणाला बोलले नव्हते, नाहीतर मुलगा हसला असता. बुधवारी दुपारी वही उघडून बसले. तीन आठवड्यांच्या नोंदी होत्या. चारही राउटरवर बिघाड सारखाच. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सारखाच, तेव्हा गर्दीचा प्रश्न नाही. वरच्या खोलीत सिनेमा लावला तर चालतो. का, ते मुलानं एकदा सांगितलं होतं. सिनेमा पुढचा पुढचा साठवून ठेवतो, मधे काही सांडलं तरी पुन्हा मागवून घेतो. समोरासमोरच्या बोलण्यात साठवायला काही नसतं, सांडलं ते सांडलं. म्हणजे वाटेत काहीतरी सांडत होतं.

आणि एक नोंद अशी होती की सुनेचा कॉम्प्युटर एकदा खाली आणला होता, राउटरला त्याच्याबरोबर आलेली हातभर वायर लावून तिच्या आईशी व्हिडिओवर अर्धा तास हातांनी बोलली होती. एकदाही अडकलं नव्हतं. माझीच नोंद, माझ्याच अक्षरात, आठ दिवसांपूर्वीची.

पाचवा रकाना पहिल्या पानापासून कोरा होता. प्रत्येक ओळीत कोरा. राउटर बदलले, खोकी बदलली, कंपनीचा माणूस येऊन गेला, एकच गोष्ट बदलली नव्हती. आणि तिला हात एकाच माणसाचा लागला होता. मला हे पहिल्या आठवड्यापासून कळत होतं, आणि मी तो रकाना भरत नव्हते, कारण तो माणूस सहा वर्षांनी शीळ घालत होता. इकडे माझी सून जिन्यात हात गप्प ठेवून बसली होती. मला माझीच लाज वाटली.

गुरुवारी सकाळी नऊला मी खोक्यांच्या पिशव्यांतून राउटरबरोबर आलेल्या तीन तयार वायरी काढल्या, माझं मोठं भिंग घेतलं आणि हे चहा पीत होते तिथे जाऊन बसले.

"अहो, तुमच्या वायरीचा प्लग बघायचाय."

कप खाली आला. "कशाला?"

"बघायचाय."

"आठही तारा तपासल्यात मी. टेस्टरवर एकापासून आठपर्यंत दिवे ओळीनं लागतात. तुझ्यासमोर लावून दाखवले होते."

"दाखवले होते. दिवे एवढंच सांगतात की इकडची तार तिकडे पोचली. कुणाबरोबर चालत आली ते नाही सांगत."

त्यांना माझा हा आवाज माहीत आहे. हा बोर्डावरचा आवाज. ह्या आवाजात मी भांडत नाही आणि मागेही फिरत नाही.

प्लग पारदर्शक असतो, आतले रंग दिसतात. तयार वायर उचलली आणि भिंगातून वाचायला लागले. "पांढरा-नारिंगी. नारिंगी. पांढरा-हिरवा. निळा. पांढरा-निळा. हिरवा. पांढरा-तपकिरी. तपकिरी."

मग ह्यांची वायर राउटरमधून उपसली. "पांढरा-निळा. निळा. पांढरा-नारिंगी. नारिंगी. पांढरा-हिरवा. हिरवा. पांढरा-तपकिरी. तपकिरी."

"मग?" हे म्हणाले. "बरोबरच आहे. प्रत्येक रंग आपल्या जोडीदाराशेजारी. ते तुझं कारखान्यातलं बघ, हिरव्याच्या मधे निळा घुसवलाय. माझ्या हाताखालच्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला खांबावरून उतरवला असता."

मी दुसरी तयार वायर वाचली. हिरव्याच्या मधे निळा. तिसरी वाचली. हिरव्याच्या मधे निळा.

"तीन निरनिराळे कारखाने चुकले," मी म्हटलं, "आणि तुम्ही एकटे बरोबर?"

ह्यांनी कप लांब सारला. कपाळाची शीर उडत होती.

ज्यांनी वायरीत हात घातलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. केबलमध्ये तारा दोनदोन करून एकमेकींना पीळ देऊन घातलेल्या असतात. एक बोलणं एका जोडीतून जातं, आणि त्या पिळामुळे शेजारच्या जोडीची कुरबुर तिला चिकटत नाही. जोडणाऱ्यानं एका जोडीतली एक आणि दुसऱ्या जोडीतली एक अशा तारा धरल्या, तरी फोन लागतो, घंटीही वाजते, फक्त तुमच्या लाइनीत शेजाऱ्याचं बोलणं येऊ लागतं, त्याला क्रॉसटॉक म्हणतात. आमच्या खात्यात याहून लाजिरवाणी चूक नव्हती. ह्यांनी आयुष्यभर नव्या पोरांना एकच गोष्ट घोकवली होती की जोडी सोडायची नाही. आणि ह्यांनी ती सोडली नव्हती. प्रत्येक जोडी शेजारी शेजारी, आमच्या टेलिफोनच्या क्रमानं, निळ्यापासून. हात आपोआप तसेच चालतात त्यांचे.

पण हा प्लग टेलिफोनचा नव्हता. ह्याच्यात तिसरी आणि सहावी तार मिळून एक बोलणं नेतात. कारखान्यातले लोक म्हणून हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी ठेवतात आणि मधल्या दोन जागांत निळी बसवतात. ह्यांच्या वायरीत तिसऱ्या जागी नारिंगीतली तार होती आणि सहाव्या जागी हिरव्यातली. जन्मात कधी जोडी न फोडलेल्या माणसानं जोडी जपता जपता ती फोडली होती. कच्चा माणूस असता तर छापील कागद बघून बरोबर लावली असती. ही चूक करायला तेहतीस वर्षांचा पक्का लाइनमनच लागतो.

हे सगळं मी बोलून दाखवलं नाही. मी फक्त तयार वायरीतल्या तिसऱ्या आणि सहाव्या तारेवर नखानं टिचकी मारली. ह्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग स्वतःचा प्लग पाहिला.

"क्रॉसटॉक," हे हळूच म्हणाले.

"हो."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"प्लगचं आज कळलं. वायरीचं पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शीळ घालत होतात," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता उठून आतल्या खोलीत जातील आणि दोन दिवस दार लावून घेतील. असं झालेलं आहे पूर्वी. पण त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजून गेले होते. उठले आणि खिळ्यावरची पिशवी काढली.

पाकिटात प्लग तीनच उरले होते. लागणार होते दोन. मुलगा म्हणाला, "दुकानातून आणतो पटकन," तर हे म्हणाले, "अकरापर्यंत तो तुला आठ अँटेनाच गळ्यात घालेल. बस इथेच आणि उजेड धर." मुलगा मोबाइलचा दिवा धरून बसला. लग्न झालेला, ऑफिसात दहा माणसं हाताखाली असलेला, पण बापानं त्या आवाजात सांगितल्यावर निमूट बसला.

खालचं टोक आधी घेतलं. जुना प्लग कापला, वरचं आवरण सोललं, तारा सुट्या केल्या. ह्यांचे हात जुन्या सवयीनं निळ्याकडेच जात होते. एकदा लावल्या, दाबायच्या आधी मी भिंगातून पाहिलं तर पुन्हा निळा पहिला. दुसऱ्यांदा बरोबर लावल्या, पण दाबताना एक तार मागे सरकली आणि प्लग वाया गेला. उरले दोन. सून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"अगं," हे म्हणाले. "तू बोल. मी बघत नाही कागदाकडे, डोळ्यांचं आणि हातांचं जमत नाहीये. तू बोल, मी लावतो."

मी खुर्ची ओढून बसले. पाठ ताठ केली. कानावर हेडफोन नव्हता एवढंच.

"पांढरा-नारिंगी."

"पांढरा-नारिंगी, आहे."

"नारिंगी."

"नारिंगी, आहे."

"पांढरा-हिरवा."

"पांढरा-हिरवा, आहे."

"निळा."

इथे हात क्षणभर अडला. तेहतीस वर्षं आडवी आली असणार. मग तार आपल्या जागी गेली. "निळा, आहे."

आठही झाल्या. मी भिंगातून दोनदा वाचल्या. दाबलं. खटकन आवाज आला आणि मुलानं श्वास सोडला.

वरच्या टोकाला गेलो तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. आता एकच प्लग. हे जमिनीवर मांडी घालून बसले, मी सुनेच्या खुर्चीवर. ह्या वेळी हात अडला नाही. मी एकेक रंग म्हणत होते, हे परत म्हणत होते, आणि सहाव्या तारेच्या सुमाराला माझ्या ध्यानात आलं की आमचा दोघांचाही आवाज बदललाय. पंचविशीतले आवाज झाले होते ते. दाबलं, वायर लावली, आणि मुलगा खालून ओरडला, "दिवा हिरवा झाला. इतके दिवस पिवळाच असायचा हा."

पिवळ्या दिव्याची नोंद माझ्या वहीत होती. अर्थ कुणालाच कळला नव्हता.

बरोबर अकराला सुनेनं दार लावून घेतलं. आम्ही तिघं जिन्यात बसलो. आतून आवाज येणार नव्हता, दोघीही हातांनीच बोलणार होत्या. म्हणजे चांगलं चाललंय की वाईट, कळायला काही मार्ग नाही. चार मिनिटं झाली. नऊ झाली. अकरा झाली. मुलगा नखं खात होता. हे वायरीवरून हळूहळू बोट फिरवत होते, जणू नाडी बघतायत. पाऊण तास झाला तेव्हा आतून सून हसल्याचा आवाज आला. तासाच्या परीक्षेत कुणी हसतं का, ह्यावर आम्ही जिन्यात कुजबुजत वाद घातला.

बारा वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं.

"बाबा," सून म्हणाली. "तुम्हाला बोलावतायत."

"मला? कशाला?"

"या तर."

हे गेले, हातात प्लग दाबायचं हत्यार तसंच. आम्हीही मागोमाग. स्क्रीनवर परीक्षक बाई होत्या, साठीच्या, पांढरे केस, चित्र इतकं स्वच्छ की त्यांच्या चष्म्याच्या काचेत त्यांची खिडकी दिसत होती. त्यांनाही ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यांचे हात चालले आणि सून बोलली, "त्या म्हणतायत, सोमवारी चार मिनिटं टिकली नाही ती लाइन आज तासभर हलली नाही. कुणी दुरुस्त केली?"

ह्यांनी घसा खाकरला. "सांग त्यांना, दुरुस्त मी केली. पण बिघडवलीही मीच होती. चूक शोधली तुझ्या सासूनं."

सुनेचे हात चालले. परीक्षक बाई आधी ह्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहून हसल्या. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, बोटं पसरली आणि हवेतल्या हवेत भराभर हलवली. ह्यांना काही उमगेना. ते माझ्याकडे बघायला लागले.

"टाळ्या आहेत, बाबा," सून म्हणाली. "आणि मला काम मिळालंय. सोमवारपासून."

ह्यांनी हत्यार टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात वर करून तसेच हलवले, सुनेकडे बघून. मग मुलानं हलवले, मग मी, मग सुनेनंही. त्या एवढ्याशा खोलीत आठ हात हवेत होते आणि आवाज कुणाचाच नव्हता. मी एकतीस वर्षं लोकांचे आवाज जोडले, पण इतका आनंद एका तारेतून जाताना मी कधी पाहिला नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

दुपारी मी वही काढली. पाचवा रकाना भरायला पेन उघडलं, तर ह्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक रकान्यात स्वतःच्या अक्षरात 'माझा' असं लिहिलं. तेवीस वेळा. त्या सकाळच्या ओळीतही तेच लिहिलं, फक्त त्या एका ओळीत खाली रेघ मारली. पेन परत देताना शीळ घालत होते.

त्यानंतर आमच्या ओळीतल्या निम्म्या घरांनी ह्यांना बोलावून नेलं. कुणाचा राउटर माशांच्या पेटीमागे, कुणाचा लोखंडी कपाटात, कुणाची वायर दारात चेमटलेली. हे जातात, आधी पाच प्रश्न विचारतात आणि मग पिशवी उघडतात. परत येताना अँटेनावाल्याच्या दुकानावरून मुद्दाम सावकाश चालतात.

सुनेच्या कामाचं आम्हाला काही विचारता येत नाही आणि ती सांगतही नाही. दार बंद असतं. पहिला आठवडा संपला त्या दिवशी मात्र ती खाली येऊन चहा घेत बसली आणि म्हणाली, "आज एक बाई होत्या. कोण, कुठल्या, ते नाही सांगत. डॉक्टरांना त्यांना काहीतरी कठीण सांगायचं होतं. त्या बाईंनी मला विचारलं, माझी मुलगी बाहेर आहे, आठ वर्षांची, तिला ऐकू येतं, तिला आत बोलावू का?"

"मग?" मी म्हटलं.

"मी म्हटलं, नको. मी आहे ना. तिला खेळू दे."

सुनेनं कप उचलला तेव्हा तिचा हात अगदी स्थिर होता. हे उठले, जिन्यात गेले आणि खालच्या पायरीपासून वरच्या दारापर्यंत एकेक क्लिप दाबून पाहून आले.